मालिका, कथासंग्रह की ‘क्रमशः’ कादंबरी?

प्रश्न

रात्रीची जेवणे आटोपली की आम्ही उभयता तासभर एखादी विज्ञानमालिका पाहतो. ‘डार्क’ ही जर्मन मालिका नुकतीच संपली आणि आता पुढे काय लावावे, याचा खल सुरू झाला. त्यात सासऱ्यांनी एक अट घातली आहे: “रोजचं रोज संपेल असं काही लावा. मी मधेच कधी येऊन बसलो, तर मागचं सगळं विचारत बसावं लागू नये.” ही अट मित्रमंडळींना कळवताना मी अडखळलो. इंग्रजीत ‘सीरिज’ (दर भागात गोष्ट पुरी होणारी) आणि ‘सीरियल’ (गोष्ट भागामागून भाग पुढे चालणारी) असे दोन शब्द आहेत. आपण मात्र दोन्हींना सरसकट ‘मालिका’ म्हणतो. हा भेद दाखवणारा मराठी शब्द आहे का? शिवाय ‘सीझन’साठी ‘हंगाम’ म्हणावे की ‘पर्व’?

उत्तर

आपल्या सासऱ्यांनी अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. अंतराळयान हवे की कालप्रवास, हा प्रश्न नंतरचा. गोष्ट कुठे संपते, हे आधी ठरवावे. त्यासाठी लागणारे शब्द मराठीत आहेतच, पण ते दूरचित्रवाणीच्या नव्हे, तर वाचनाच्या व्यवहारातले आहेत.

नियतकालिकात कादंबरीचा हप्ता जिथे थांबतो, तिथे खाली उजव्या कोपऱ्यात कंसात ‘क्रमशः’ असे छापलेले असते. तो एवढासा शब्द वाचकाला पुढच्या अंकापर्यंत अस्वस्थ ठेवतो. ‘डार्क’ ही अशी ‘क्रमशः’ कादंबरी आहे. तिच्या पहिल्या पर्वात १९५३, १९८६ आणि २०१९ ही तेहतीस-तेहतीस वर्षांच्या अंतरावरची तीन वर्षे एकमेकांत अशी अडकवली आहेत, की साऱ्या मालिकेच्या सव्वीस भागांपैकी एखादा हुकला, तर कोण कोणाचा मुलगा हेसुद्धा कळेनासे होते. सासऱ्यांनी त्या खोलीत काय सोसले असेल, याची मला पुरेपूर कल्पना येते.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘द ट्वायलाइट झोन’ आहे. १९५९ ते १९६४ या काळात अमेरिकेत तिचे १५६ भाग दाखवले गेले आणि प्रत्येक भागात गोष्टही नवी, पात्रेही नवी. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘ब्लॅक मिरर’ त्याच वळणाची आहे. अशा कार्यक्रमांना मालिका म्हणण्यापेक्षा ‘कथासंग्रह’ म्हणावे, कारण ग्रंथालयातून कथासंग्रह आणल्यावर आपण मधलीच एखादी कथा निर्धास्तपणे आधी वाचतो.

‘मालिका’ हा शब्द मी या दोहोंच्या मधल्या प्रकारासाठी राखून ठेवीन. मालिका म्हणजे मूळ अर्थाने लहानशी माळ. तिच्यातले प्रत्येक फूल स्वतंत्र आणि पूर्ण असते, पण ओवणारा दोरा एकच असतो. १९६६ साली सुरू झालेली मूळची ‘स्टार ट्रेक’ या अर्थाने खरीखुरी मालिका आहे, कारण यान तेच, कप्तान कर्क आणि स्पॉक तेच, पण त्या-त्या ग्रहावरचा पेच बहुधा त्याच भागात सुटतो. दोरा मात्र पहिल्या फुलापासूनच ओवलेला असावा लागतो. २००२ साली ‘फायरफ्लाय’ दाखवताना वाहिनीने भागांचा क्रम बदलला आणि ज्यात पात्रांची ओळख होते तो आरंभीचा भाग अखेरीस दाखवला. चौदाच भागांच्या या सुंदर मालिकेवर तो अन्याय झाला, असे मला मनापासून वाटते.

काही मालिका चालता चालता कादंबरी होतात. ‘बॅबिलॉन ५’ची पाच पर्वांची कथा तिच्या कर्त्याने कादंबरीसारखी आधीच योजलेली होती, तरीही पहिल्या पर्वात बरेच भाग सुटे वाटतात आणि धागे नंतर आवळले जातात. एकशे दहा भागांची सवड आणि थोडा धीर असेल, तरच ती हाती घ्यावी.

आता ‘हंगाम’. अमेरिकेत नवे कार्यक्रम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात थांबत, म्हणून तिथे ‘सीझन’ हा शब्द शब्दशः खरा होता. हल्ली संपूर्ण संच एखाद्या शुक्रवारी एकदम येतो आणि पुढचा कदाचित दोन वर्षांनी. त्याला हंगाम कसला? हंगाम आंब्याचा किंवा ऊसतोडणीचा असतो. उलट ‘पर्व’ म्हणजे मुळात सांधा. उसाच्या कांडाला जे पेर असते, तो शब्द याच ‘पर्वा’पासून आला आहे. पेरापाशी ऊस थांबल्यासारखा दिसतो, पण तिथूनच पुढे वाढतो. महाभारताच्या अठरा पर्वांमुळे कथेच्या विभागासाठी हा शब्द आपल्या कानाला सवयीचा आहेच, म्हणून ‘पर्व’च म्हणावे.

ब्रिटिश वापराबाबत एक सावधगिरी बाळगावी. तिकडे एका पर्वालाच ‘सीरिज’ म्हणतात. त्यातही ‘डॉक्टर हू’ १९६३ पासून १९८९ पर्यंत चालली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा पर्वांची गणना नव्याने एकपासून केली गेली. तिची ‘पहिली सीरिज’ पाहा असे कोणी सुचवले, तर साल विचारून घ्यावे.

पुन्हा विचारणा

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मी ‘विज्ञानमालिका’ असे लिहिले होते, ते चालेल ना?

उत्तर

तो शब्द मी वेगळ्या कामासाठी ठेवीन. कार्ल सेगन यांची १९८० सालची तेरा भागांची ‘कॉसमॉस’ किंवा जयंत नारळीकरांची दूरदर्शनवरची ‘ब्रह्मांड’ या खऱ्या विज्ञानमालिका, कारण त्यांत विज्ञान समजावून सांगितले आहे. कल्पित कथेसाठी ‘विज्ञानकथा’ हा रुळलेला शब्द आहे आणि मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेमुळे ‘विज्ञानरंजन’ही परिचयाचा झाला आहे. तेव्हा आपण पाहता ती विज्ञानकथा-मालिका. शब्द लांब झाला, पण ऐकणाऱ्याची फसगत होणार नाही.

आपल्या घरासाठी माझी सूचना अशी: सासरे बसणार असतील त्या रात्री मूळची ‘स्टार ट्रेक’ लावावी, तिचे ७९ भाग पुष्कळ दिवस पुरतील. ते लवकर झोपले, तर आपण दोघांनी ‘द एक्स्पान्स’ सुरू करावी. ती सहा पर्वांची, बासष्ट भागांची ‘क्रमशः’ कादंबरी आहे. तेव्हा पहिल्या भागापासूनच पाहावी.