शब्दचर्चा : सॉलिसिटरला मराठीत काय म्हणावं?

दूरदेशी
नमस्कार मंडळी. इंग्लंडात रेडिंगला आम्ही एक जुनं घर घेतोय. आमची किंमत मान्य झाल्याबरोबर एजंटाने विचारलं, तुमचा सॉलिसिटर कोण? संध्याकाळी नाशिकला आईला फोन केला आणि सहज म्हणाले, आता वकील शोधायचाय. पलीकडे एकदम सामसूम. मग हळूच, "कोर्टात आहे का गं ते घर? मग नकोच. दुसरं बघा." पुढचा अर्धा तास समजूत काढण्यात गेला.

तर दोन प्रश्न. एक, सॉलिसिटरला मराठीत काय म्हणायचं? इथे घरखरेदीची कामं करणारे बरेच सॉलिसिटर कधी कोर्टात उभे राहात नाहीत, म्हणून 'वकील' म्हणताना जीभ अडखळते. दोन, ते जे काम करतात, घराची मालकी कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर करून देण्याचं, त्या 'कन्व्हेयन्सिंग'ला शब्द आहे का? (सॉलिसिटर कसा निवडावा हेही कुणी सांगितलं तर ऐकेन. विषयाला सोडून आहे, कल्पना आहे.)

टिंबटिंब
कन्व्हेयन्स म्हणजे आमच्या हापिसात रिक्षाचे पैसे. बिल जोडावं लागतं.

कुतूहल
सरकारी शब्द तयार आहेत. सॉलिसिटर जनरलला मराठी वर्तमानपत्रं 'महान्यायअभिकर्ता' म्हणतात. त्यातला 'महा' काढला की उरतो 'न्यायअभिकर्ता'. आईला सांगून बघा, अर्ध्या तासाचा एक तास होईल.

कन्व्हेयन्सला 'अभिहस्तांतरण'. हा शब्द मात्र मेलेला नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जाऊन बसा, 'मानीव अभिहस्तांतरण' कानावर पडेलच. बिल्डरने फ्लॅट विकले, पैसे घेतले, पण जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर १९६३च्या फ्लॅट मालकी कायद्याखाली सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करते आणि बिल्डरच्या सहीवाचून ते करून घेते. बिल्डरने करून दिलं असं 'मानायचं', म्हणून 'मानीव'. भाषा संचालनालयाच्या वळणाचे शब्द आपण हसण्यावारी नेतो, पण 'मानीव' मला खरंच आवडतो. तीन अक्षरांत डीम्डचं काम.

काळा डगला
पुण्यात दिवाणी वकिली करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

'सॉलिसिटर' हा मराठीत मुंबईचा शब्द आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत विलायतेसारखी दुहेरी पद्धत होती. पक्षकाराला भेटणं, कागद तयार करणं हे सॉलिसिटरचं काम आणि न्यायाधीशापुढे बोलणं बॅरिस्टरचं. १९६१च्या अधिवक्ता कायद्याने देशभर एकच वर्ग केला, 'ॲडव्होकेट'. मुंबई-कलकत्त्याच्या ॲटर्नींना, म्हणजे या सॉलिसिटरांनाच, त्यातही वेगळी जागा उरली होती, ती १९७६च्या दुरुस्तीने गेली. तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आजही होते आणि ती पास झालेले वकील फोर्टातल्या पाटीवर तसं अभिमानाने लिहितात. कायद्याच्या लेखी ते ॲडव्होकेटच.

घाट चढून पुण्यात आलात की हा शब्द कुणी वापरत नाही. इथे लोक कामावरून ओळखतात. 'कोर्टातला', 'रेव्हेन्यूवाला', 'टायटलचं (म्हणजे मालकीहक्काचं) काम बघणारा'. तुमच्या सॉलिसिटरला आमच्याकडे 'टायटलचं काम बघणारा वकील' म्हणतील, आणि त्यातला 'वकील' अजिबात चुकीचा नाही.

कुतूहल
डगलेसाहेबांना दुजोरा. मुळात 'वकील' आणि कोर्ट ही जोडी अलीकडची. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ प्रतिनिधी, आपल्या वतीने बोलायला-करायला नेमलेला माणूस. पेशव्यांचे वकील दिल्लीला असत. हिंगणे घराण्याने हेच काम केलं, आणि ते काही तिथे खटले लढवत नव्हते. दूतावासाला मराठीत 'वकिलात' म्हणतात ते यामुळेच.

'अशील' तर त्याहून मजेचा. अरबी 'असील', म्हणजे मूळ. काम मूळचं ज्याचं तो असील, त्याच्या जागी उभा राहणारा वकील. दोन शब्द जोडीनेच आले. इंग्रजीतल्या क्लायंटचं मूळ शोधलंत तर आश्रित निघतो, दुसऱ्याच्या छत्राखाली राहणारा. आपल्याकडे अशील हा मूळ धनी आहे. फी भरताना हे आठवलं की बरं वाटतं.

दूरदेशी
अशीलचं हे ठाऊक नव्हतं! म्हणजे 'प्रतिनिधी' या अर्थाने मी वकील बिनधास्त म्हणू शकते.

आता एक गोंधळ. सॉलिसिटर म्हणतो, "सर्चेस मागवतो". आईला वाटतं, आमच्या घराचा मालकच सापडत नाहीये.

जुना कारकून
दुय्यम निबंधक कार्यालयात ३२ वर्षं काढली, आता निवृत्त. ताई, आईंचं चुकलेलं नाही. आपल्याकडे सर्च म्हणजे मालक शोधणंच.

आपल्याकडे 'सर्च घेणे' म्हणजे मागची तीस वर्षं उलटून बघणं. वकील किंवा त्याचा माणूस आमच्याकडे येणार, शोध फी भरणार आणि सूची क्रमांक दोनच्या वह्या चाळणार. ही सूची म्हणजे लोकांचा 'इंडेक्स टू'. या मिळकतीवर कुठलं गहाणखत आहे का, बक्षीसपत्र आहे का, आधीच कुणाला साठेखत करून दिलंय का, हे बघायचं. जमिनीचा प्रश्न असेल तर तलाठ्याकडचे सातबारा आणि फेरफार, गावठाणात किंवा शहरात असेल तर मिळकत पत्रिका. या सगळ्यावरून वकील लिहून देतो तो 'शोध व हक्क अहवाल', बोलीत 'सर्च रिपोर्ट'.

एवढा खटाटोप कशासाठी? आमचं कार्यालय दस्त नोंदवतं, हक्क नव्हे. कुणी दुसऱ्याच्या घराचं खरेदीखत घेऊन आला आणि कागद, मुद्रांक, सह्या, ओळख पटवणारे जागेवर असले, तर दस्त नोंदला जाऊ शकतो. घर खरंच त्याचं होतं का, हे आम्ही ठरवत नाही. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा बोललो असेन याला गणती नाही, आणि दर वेळी समोरचा माणूस असा बघायचा की मीच त्याला फसवलंय.

दूरदेशी
इथे उलट आहे! लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक, आणि त्या नोंदीमागे सरकार उभं असतं. चूक निघाली तर भरपाई मिळू शकते. म्हणून इथल्या 'सर्चेस' मालकाच्या नसतातच मुळी. कौन्सिलकडून रस्ता कुणाचा, जवळ काय बांधायचं ठरलंय, घराला आधी कसल्या परवानग्या होत्या. पाणी कंपनीकडून सांडपाण्याची नळी कुठून जाते. मग पुराचा धोका. रेडिंगला टेम्स आहे आणि केनेटही, तेव्हा हा कागद मी दोनदा वाचला. उत्तरेकडे घर घेतलं असतं तर कोळशाच्या खाणींचाही सर्च. जमिनीखाली पोकळ आहे का ते बघायला.

कुतूहल
म्हणजे त्यांचा सर्च म्हणजे चौकशी आणि आपला सर्च म्हणजे शोध. आईंना 'कौन्सिलकडे चौकशी चालू आहे' सांगा.

टिंबटिंब
चौकशी चालू आहे म्हटल्यावर काकू तिकीट काढून रेडिंगला येतील.

सांतेरी
फोंड्याहून लिहिते. आमच्याकडे कोकणीत वकिलाला आदवोगाद म्हणतात, पोर्तुगीजांची देणगी. सातबाऱ्याच्या जागी 'एक-चौदा'चा उतारा. जुनी घरं घ्यायची तर कागद पोर्तुगीजमध्ये असतात, आणि तिथे परगावचा वकील, कितीही मोठा असो, दुभाष्या शोधत बसतो. दुसरं, आमच्याकडच्या नागरी कायद्यात लग्नानंतर नवराबायकोची मिळकत साधारणपणे सामाईक होते, म्हणून विकताना दोघांच्याही सह्या लागतात. मुंबईहून सेकंड होम घ्यायला येणाऱ्यांना वाटतं, घर नवऱ्याच्या नावावर आहे, मग बायको कशाला? स्थानिक वकील हे पहिल्या भेटीत विचारतो.

एवढंच सांगायचं होतं. वकील निवडताना 'स्थानिक' हा शब्दही ध्यानात घ्या.

काळा डगला
सांतेरीताईंचं शंभर टक्के बरोबर. महाराष्ट्रातही तेच. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं की बाहेरच्या माणसाला तो नुसता रकाना वाटतो. त्या तालुक्यात वीस वर्षं काम केलेल्याला कळतं की जमीन वतनाची असेल, किंवा कुळाला मिळालेली असेल आणि परवानगीवाचून विकता येत नसेल. गावठाणाची हद्द कुठे संपते, कुठल्या भावकीत वाटपाचा वाद चालू आहे, हे कागदावर फार उशिरा उतरतं.

'कुळा'वरून आठवलं. 'कुळमुखत्यारपत्र' असं लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. तो शब्द 'कुलमुखत्यारपत्र'. इथला 'कुल' अरबी, म्हणजे सर्व, जसा 'एकूण'च्या अर्थाने 'कुल रक्कम' म्हणतात. सर्व कामांसाठी अधिकार दिलेला मुखत्यार. त्याचा कुळकायद्यातल्या कुळाशी संबंध नाही आणि कुळाचाराशी तर नाहीच. आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर 'विकत' घेऊ नका. त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलंय.

दूरदेशी
इथे अजून एक पाऊल आहे, त्याला शब्द हवा. 'एक्सचेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स'. दोन्हीकडचे सॉलिसिटर सही केलेल्या प्रती बदलतात, बहुतेक फोनवरच, आणि त्या क्षणापासून दोघंही बांधले जातात. तोवर कुणीही दंड न भरता पाय मागे घेऊ शकतं. आमचं आधीचं एक घर असंच गेलं, मालकाने कुणा जास्त देणाऱ्याला दिलं. एक्सचेंजला साधारण १० टक्के रक्कम द्यायची, मग ठरल्या तारखेला 'कम्प्लीशन', त्या दिवशी उरलेले पैसे जातात आणि किल्ली मिळते.

आई विचारते, अंगठा द्यायला कधी जायचं? कुठेच जायचं नाही म्हटलं तर तिचा विश्वासच बसत नाही.

जुना कारकून
एक्सचेंज म्हणजे आपलं साठेखत, कम्प्लीशन म्हणजे खरेदीखत. तंतोतंत नाही, पण जागा तीच. साठेखत हा विकण्याचा करार, त्याने मालकी जात नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४मध्ये हे लिहिलेलंच आहे. मालकी जाते खरेदीखताने. बिल्डरकडून घेताना तर रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे १० टक्क्यांहून जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय घेता येत नाही.

आमच्या दस्तांची भाषा आता संगणकाच्या साच्यात गेली, पण जुनी खरेदीखतं वाचायला मिळाली तर जरूर वाचा. खरेदीदार-विक्रेता असे शब्द नाहीत, 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार'. दस्त देणाऱ्याच्या तोंडून बोलतो, 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे'. मग चतुःसीमा. मग 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह'. तिसऱ्या मजल्यावरच्या वन-बीएचकेच्या खरेदीखतात मी तृण आणि पाषाण बघितलेले आहेत. काढायची कुणाची हिंमत होत नाही, न जाणो त्यावाचून दस्त कच्चा राहिला तर?

कुतूहल
कारकूनकाका, साठेखतातलं 'साठे' आडनावाचं नाही आणि साठ्याचंही नाही. 'साटेखत' असंही लिहितात आणि माझ्या मते तेच मुळाजवळचं. साटं म्हणजे सौदा, अदलाबदल. साटंलोटं करून लग्न म्हणजे आपली मुलगी त्या घरी, त्यांची आपल्या घरी. म्हणजे दूरदेशीताई, तुमच्या 'एक्सचेंज'ला साटेखत म्हणणं अर्थानेही जुळतं!

काळा डगला
वा! हे मी बार रूममध्ये खपवणार.

ताई, निवडीचं विचारलंत म्हणून माझं एकच. प्रश्न 'वकील चांगला आहे का' हा दुसरा, आधी 'वकील कुणाचा आहे'. आमच्याकडे बिल्डर म्हणतो, आमच्या वकिलाने टायटल क्लिअर दिलंय. तो बिल्डरचा वकील. लोक म्हणतात, बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद ठीकच असणार. तो बँकेच्या पॅनेलवरचा वकील, त्याची फी तुम्ही भरता पण तो बघतो बँकेचे पैसे. या दोघांच्या अहवालांवर घर घेऊन नंतर माझ्याकडे आलेले अशील मी मोजणं सोडलंय. ज्याने तुमच्यासाठी, तुमच्या नावे अहवाल लिहिलाय तो तुमचा वकील.

दूरदेशी
इथे बहुतेकदा एकच सॉलिसिटर माझा आणि कर्ज देणाऱ्या बँकेचाही असतो, ते रीतसर आहे. पण एजंटाने एक नाव सुचवलंच होतं, दोनशे मैलांवरची कंपनी, सगळं पोर्टलवर. खोदून विचारल्यावर कळलं, नाव सुचवायचे एजंटाला पैसे मिळतात. तो तर विकणाऱ्याचा एजंट! मी गावातल्याच एका बाईंकडे गेले. फी थोडी जास्त आहे. पत्ता सांगितल्याबरोबर त्या म्हणाल्या, त्या गल्लीचा मागचा रस्ता कौन्सिलने ताब्यात घेतलेला नाही, दुरुस्ती घरवाल्यांकडे आहे का बघते.

काल आईला नीट सांगितलं. वकील म्हणजे आपल्या बाजूचा माणूस. आपला वकील वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, दोघं फोनवर बोलून साटेखत करतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या दोघांचंच साटंलोटं असलं तर?"