मदत हवी आहे: बसचा मार्ग बदलला, व्हीलचेअरवाल्यानं चढायचं कुठून?

संभाजीनगरात सिडकोतून घाटी या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीसाठी आईला आठवड्यातून तीनदा न्यावं लागतं. रस्त्याच्या कामामुळे शहर बसचा मार्ग बदलला. आता उतरावं लागतं ते रस्त्याच्या पलीकडं, दुभाजकाला कट नाही. व्हीलचेअर घडीची आहे, पण बसच्या तीन पायऱ्या आईला चढवत नाहीत; मी आणि कंडक्टर मिळून उचलतो. परवा पुढचं चाक पायरीत अडकलं, मागं हॉर्नवर हॉर्न. (कंडक्टर भला माणूस, त्याचा दोष नाही.)

डेपोत विचारलं तर “वरून ठरतं.” लेखी अर्ज दिला, पोच मिळाली नाही. रिक्षा रोज परवडत नाही. आईकडं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे, 70 टक्के दिव्यांगत्वाचं. सवलतीची अडचण नाही, चढण्याची आहे.

दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 41 मध्ये बस आणि थांबे सुगम करण्याचं म्हटलंय. पण त्याचा आधार घेऊन अर्ज आधी कोणाच्या नावे करायचा: महापालिका आयुक्त, की थेट पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त? कुणी असा थांबा हलवून घेतलाय का? आणि सकाळी दहाच्या आत सिडकोहून घाटीकडं कमी उंचीच्या पायरीची बस कोणती मिळते?