नर्सरीत लिहायला कधी शिकवणार?

आर्याची आई, बी-३०४: नमस्कार मंडळी. ज्यांची मुलं नर्सरीत आहेत किंवा नुकतीच पुढे गेलीत, त्यांना विचारायचंय. आर्या जूनपासून जातेय, आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, पण वहीत एक अक्षर नाही. वहीच नाहीये खरं तर. आज काय केलं विचारलं की "पाणी ओतलं". काल "राजमा मोजला". परवा नुसतंच "वाळू". माझी भाची याच वयाची, ती एबीसीडी लिहिते आणि पन्नासपर्यंत आकडे म्हणते. घरात रोज तुलना चालू आहे 😐

कबीरचे बाबा, सी-१०२: सेम हिअर. आमच्याकडे टाइमटेबलमध्ये चक्क "फ्री प्ले" लिहिलंय. फ्री आहे तर फी कसली घेता, विचारावंसं वाटतं.

सेक्रेटरी, ए-२०१: कृपया नोंद घ्यावी, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. बी विंगची लिफ्ट आज दुपारी ३ ते ५ मेंटेनन्ससाठी बंद राहील.

आर्याची आई, बी-३०४: काका, सोसायटीतल्याच मुलांचं आहे हो.

प्रज्ञा, बी-५०३: मी फिजिओ म्हणून सांगते, शाळेचं मला माहीत नाही. मनगटात आठ छोटी हाडं असतात. साधारण तीन वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच नीट दिसतात, बाकीची अजून कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाडासारखी असते. सगळ्यात शेवटचं हाड दिसायला आठ ते बारा वर्षांचं व्हावं लागतं. त्यात हाताचा ताबा आधी खांद्यात येतो, मग कोपरात, मग मनगटात, बोटांत सगळ्यात शेवटी. म्हणून या वयात मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात हलवून रेघ ओढतं. तीन बोटांची पकड साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात स्थिरावते. त्याआधी चार रेघांत अक्षर बसवायला लावलं की मूल पेन्सिल कशीबशी दाबून धरतं आणि तीच पकड अंगवळणी पडते. माझ्याकडे दुसरी-तिसरीतली मुलं "हात दुखतो" म्हणून येतात, त्यांच्यात हे बघते.

प्रज्ञा, बी-५०३: आणि पाणी ओतणं म्हणजे मनगट फिरवायचा व्यायामच. कणीक मळणं, मणी ओवणं, कपडे वाळत घालायचा चिमटा दाबणं, भिंतीवरच्या फळ्यावर उभं राहून खडूने गिरगटणं, सगळं त्याच कामाचं. घसरगुंडीची शिडी चढणंसुद्धा.

कबीरचे बाबा, सी-१०२: ठीक, हाताचं पटलं. पण आकडे? राजमा मोजून काय होतं?

सुमन आजी, ए-१०४: मी बोलू का? तीस वर्षं बालवाडीत काढलीत. आर्याच्या आई, भाची पन्नासपर्यंत म्हणते ना? तिच्यापुढे राजम्याच्या वाटीतून "मला पाच दाणे दे" म्हणून बघा. म्हणणं ही पाठांतराची गोष्ट आहे. एक दाणा, एक आकडा, दाणा सुटायचा नाही आणि दोनदा मोजायचा नाही, हे जमायला वेगळा सराव लागतो. आम्ही चिंचोके वापरायचो. अंड्याच्या ट्रेच्या खळग्यांत एकेक ठेवायला द्यायचं. एक खळगा, एक चिंचोका. त्याच्याआधी बेरीज शिकवणं म्हणजे पाया न घालता स्लॅब टाकणं.

सुमन आजी, ए-१०४: आणखी एक गंमत. चार-चार दाण्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. सारख्या आहेत ना, विचारा. हो म्हणेल. मग तिच्यादेखतच एक ओळ लांब पसरवा आणि पुन्हा विचारा, कशात जास्त?

आर्याची आई, बी-३०४: आजी 😂 आत्ताच केलं. पसरलेल्या ओळीत जास्त म्हणाली! ठामपणे. मी पुन्हा जवळ आणली तर म्हणे "आता सारखे झाले". भाची पण आलीये आज, तिला पाच दाणे मागितले तर तिने मूठ भरून दिले.

सुमन आजी, ए-१०४: बरोबरच आहे दोघींचं. या वयात तसंच दिसतं त्यांना, लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. दाणे हाताळून हाताळून एक दिवस आपोआप सुटतं ते. आणि भाचीला म्हणू नका हो तुला येत नाही.

कबीरचे बाबा, सी-१०२: पण आजी, आमच्या शाळेचं "ॲक्टिव्हिटी" प्रकरण वेगळंच आहे. रेड डे, यलो डे, मँगो डे. आदल्या रात्री दहाला मेसेज येतो की उद्या लाल फळ आणि लाल टी-शर्ट. मुलं उभी करतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. मागच्या महिन्यात मेंढीवर कापूस चिकटवला होता. २५ मेंढ्या, सगळ्या हुबेहूब.

सुमन आजी, ए-१०४: मग त्या बाईंनीच चिकटवल्या. मुलांच्या असत्या तर एखादीला पाच पाय असते, एकीचा कापूस डोळ्यावर असता. सारख्या दिसणाऱ्या मेंढ्या भिंतीवर छान दिसतात, मुलाच्या पदरात काही पडत नाही. अशा शाळेत तुमची तक्रार रास्त आहे. खेळाच्या नावाखाली फोटोच काढत असतील तर फी कसली, हे जरूर विचारा.

आर्याची आई, बी-३०४: मग शाळेत जाऊन नेमकं काय विचारायचं?

सुमन आजी, ए-१०४: एका बाईंकडे किती मुलं, हे आधी. केंद्राच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात ३ ते ६ वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण धरलंय. मग वाळू-पाणी रोज मिळतं की पाहुणे आले की झाकण उघडतं? मूल खेळ स्वतः निवडतं का? बाहेर अंगणात किती वेळ? गोष्ट सांगतात की टीव्ही लावतात? बाकी बोर्डावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचू नका.

कुलकर्णी काका, ए-४०२: हे सगळं परदेशातून आलेलं फॅड. आम्ही पाटी-पेन्सिलवर शिकलो.

सुमन आजी, ए-१०४: काका, फॅड कसलं? ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. इटलीच्या माँटेसोरीबाईंची बालशिक्षणाची महागडी साधनं इथे परवडायची नाहीत, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेऊन शिकवलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, तर यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारी अंगणवाडी १९७५ ला सुरू झाली, तिच्याआधी कितीतरी वर्षं. आणि पाटीवर तुम्ही पुसून पुसून गिरवलंत, ते बोटांना वाईट नव्हतंच. तुम्ही तीन वर्षांचे असताना मात्र आईच्या मागे स्वयंपाकघरात तांदूळ सांडत असणार.

कुलकर्णी काका, ए-४०२: 🙏 आई ओरडायची.

प्रज्ञा, बी-५०३: आता सरकारी धोरणही हेच म्हणतंय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा केलाय, म्हणजे नर्सरीपासून दुसरीपर्यंत. एनसीईआरटीने, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, २०२३ मध्ये त्या वयासाठी "जादुई पिटारा" काढला, त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टी.

कबीरचे बाबा, सी-१०२: धोरण ठीक. ज्युनिअर केजीत पहिल्याच आठवड्यात लिहून घेतात त्याचं काय? कबीर एकटा मागे पडला तर?

प्रज्ञा, बी-५०३: ही भीती खोटी नाही, दादा. शाळा बदलणं सगळ्यांना जमत नाही. मग निदान घरी लिहून घेऊ नका. मोठा कागद भिंतीला चिकटवा आणि जाड खडू द्या. खडूचा तुकडा जेवढा छोटा तेवढा चांगला, छोट्या तुकड्याला मुठीत धरताच येत नाही.

आर्याची आई, बी-३०४: एक सुचवू? क्लब हाऊसच्या मागे तो कोपरा रिकामाच आहे. रविवारी सकाळी मुलांसाठी वाळू, पाणी, जुनी भांडी ठेवूया का? प्रत्येक घरातून एखादं गाळणं, नरसाळं, पसरट डबा. श्रीखंडाचे रिकामे डबे माझ्याकडे आहेत.

सेक्रेटरी, ए-२०१: वाळूला हरकत आहे. मांजरं घाण करतात आणि बिल्डिंगच्या पायपुसण्यांवर वाळू येते. शिवाय टँकर आठवड्यातून दोनदा येतोय, पाणी वाया घालवता येणार नाही.

सुमन आजी, ए-१०४: पाणी एका टबात, तेच नंतर झाडांना. वाळूवर रात्री ताडपत्री.

सेक्रेटरी, ए-२०१: ताडपत्री रोज कोण झाकणार, त्याचं नाव आणि फ्लॅट नंबर लेखी द्या. मग कमिटीपुढे ठेवतो.

कबीरचे बाबा, सी-१०२: लिहा, सी-१०२. वाळू चाळलेली आणायची की साधी चालेल आजी?

सुमन आजी, ए-१०४: चाळलेली. आणि बांधकामाची उचलून आणू नका, सिमेंट असतं त्यात.