अंगणातला प्रचारफलक दोनदा नाहीसा झाला. दाद कोणाकडे मागावी?

हिरवळ (प्रश्न):
आम्ही न्यू जर्सीत राहतो. टाउनशिप कौन्सिलच्या निवडणुकीतील एका उमेदवाराचा फलक मी घरासमोरच्या लॉनवर, रस्त्याच्या कडेपासून दोनेक फुटांवर लावला होता. तो पंधरवड्यात दोनदा नाहीसा झाला. समोरच्या घरी विरोधी उमेदवाराचा फलक मात्र जागच्या जागी उभा असल्यामुळे माझा संशय साहजिकच तिकडे जातो, आणि त्या गृहस्थांशी आमचे बोलणेही जवळजवळ थांबले आहे. त्यातच आमच्या होम ओनर्स असोसिएशनचे (वसाहतीतील घरमालकांच्या संस्थेचे) पत्र आले की 'घर विकणे आहे' या पाटीखेरीज कोणताही फलक वसाहतीत चालणार नाही. घर माझे, कर मी भरतो, मग असा नियम त्यांना करता येतो का? आणि फलक नेल्याबद्दल पोलिसांत जावे का?

काठावरचा:
अशा चोरीच्या तक्रारीतूनच एक मोठा खटला उभा राहिला होता. डिसेंबर 1990 मध्ये मिझुरी राज्यातल्या लाड्यू या उपनगरात मार्गारेट गिलिओ यांनी आखाती युद्धाविरुद्धचा फलक अंगणात लावला. तो नाहीसा झाला आणि दुसरा कोणीतरी पाडला, म्हणून त्या पोलिसांकडे गेल्या, तेव्हा असे फलक लावण्यास गावात मुळात बंदीच आहे, असे त्यांना सांगण्यात आले. 1994 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी एकमताने घटनाबाह्य ठरवली. मात्र हा निकाल शासनाला बांधतो. असोसिएशन ही खाजगी संस्था असल्याने 'माझे घर' एवढाच युक्तिवाद तिच्यापुढे पुरत नाही.

जुनी वही:
न्यू जर्सीत तो थोडा पुरतो, कारण या राज्याच्या घटनेतील भाषणस्वातंत्र्य काही प्रमाणात खाजगी संस्थांनाही लागू होते. 2007 च्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असोसिएशनची बाजू घेतली होती. पण तिथे फलक खिडकीत, किंवा घरापासून तीन फुटांच्या आतल्या फुलांच्या वाफ्यात लावण्याची मुभा होती. 2012 मध्ये मात्र, पार्सिपनीच्या टाउन कौन्सिलसाठी उभ्या राहिलेल्या वसिम खान यांनी स्वतःच्याच घराच्या खिडकीत आणि दारावर लावलेल्या फलकांचा प्रश्न आला, तेव्हा विक्रीच्या पाटीखेरीज सर्वांवर सरसकट बंदी घालणारा त्यांच्या असोसिएशनचा नियम त्याच न्यायालयाने रद्द केला. तुमच्या पत्रातला नियम शब्दशः तसाच दिसतो. म्हणून या निकालाचा उल्लेख करून लेखी उत्तर द्या, आणि फलक तूर्त खिडकीत लावा. लॉनवर कुठेही, कितीही मोठा फलक लावण्याचा हक्क या निकालातून मिळतो, असे मात्र मी म्हणणार नाही. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात यासाठी वेगळे कायदे आहेत. त्यांचा आधार इथे चालणार नाही.

मोजपट्टी:
रस्त्याच्या कडेपासून दोन फूट, हे वाचून मी थबकलो. लॉनचे गवत आपण कापत असलो, तरी रस्त्यालगतची पट्टी बहुधा सार्वजनिक हद्दीत मोडते, आणि तिथले फलक गावाचे कर्मचारी कोणताही पक्ष न पाहता उचलून नेऊ शकतात. सार्वजनिक मालमत्तेवरील फलक काढण्याचा लॉस एंजेलिस शहराचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्येच मान्य केला आहे. तेव्हा आधी घराचा सर्व्हे नकाशा काढून हद्द मोजा. फलक तुमच्या हद्दीतून गेला असेल, तर ती सरळ चोरी आहे आणि तक्रार अवश्य करा. परंतु पुरावा हाती नसताना शेजाऱ्याचे नाव त्यात घालू नका. (सूड म्हणून त्यांचा फलक उपटायला तर मुळीच जाऊ नका.)

पडवी:
थोडे अवांतर. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार निवडणुकांतील प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा लॉनवरच्या फलकांमुळे उमेदवाराच्या मतांचा वाटा सरासरी 1.7 टक्के गुणांनी वाढल्याचे दिसले. चुरशीच्या स्थानिक लढतीत हा आकडा लहान नाही, पण त्यासाठी शेजार तोडावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हिरवळ:
सर्वांचे आभार. नकाशा काढून मोजले. फलक सार्वजनिक पट्टीतच होता. टाउनशिपच्या रस्ते विभागात विचारल्यावर त्यांनी आवारातला ढीग दाखवला. त्यात माझे दोन्ही फलक होते आणि समोरच्यांच्या उमेदवाराचे तीन. समोरच्यांचा फलक टिकला, कारण तो त्यांच्या पायरीजवळ आहे. असोसिएशनला आज उत्तर पाठवले आहे, फलक खिडकीत आहे, आणि संध्याकाळी समोर जाऊन बोलून येणार आहे.