मानसीच्या कोंबड्या कोणी मारल्या (चिपळूणच्या आमच्या रो-हाऊस सोसायटीचा ग्रुप, नावापुढे घर नंबर)

मानसी (9): कोणी जागं आहे का. रात्री आमच्या तीन कोंबड्या मारल्या. नीट खाल्लं पण नाहीये, दोन तशाच टाकून गेलंय आणि एकीचं डोकंच नाही. आईंनी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेली ती लाल पण गेली, अंडी गार पडली. आईंनी सकाळपासून चहा घेतलेला नाही

सावंत काका (2): मागच्या कंपाउंडला पऱ्याच्या (ओढ्याच्या) बाजूने जे भोक आहे ते 2021 च्या पुरापासून तसंच आहे. कुत्री तिथूनच येतात. ते बुजवा.

लिमये काका (5): अरेरे, वाईट झालं. माझी तक्रार फक्त त्या कोंबड्याविषयी होती, पहाटे चारला सुरू होणाऱ्या. बाकीच्यांविषयी कधीच काही म्हटलं नाही.

सचिन (11): काका तो वाचलाय 😂

लिमये काका (5): असो.

रेवती (6): झालं का सुरू, काही झालं की कुत्री. काळू आणि गौरी रात्रभर गेटवर होती, वॉचमनला विचारा. मी त्यांना दोन वेळ पोटभर घालते, त्यांना कोंबडी मारायची गरज नाही

सचिन (11): पोटभर जेवल्यावर स्वीट डिश लागतेच की

रेवती (6): सचिन प्लीज.

पाटणे सर (सेक्रेटरी): सर्वांना विनंती, वैयक्तिक टिप्पणी नको. सावंत साहेब, कंपाउंडचा विषय कार्यकारिणीसमोर आहे.

सावंत काका (2): पाच वर्षं समोरच आहे.

शिगवण दादा (14): मानसीताई, आधी मला सांग खालून उकरलंय का? पिसं कुठं पडलीयत, आत की बाहेर लांबपर्यंत? आणि शिडी लावून पत्रा बघ

मानसी (9): खाली काहीच उकरलेलं नाही दादा. दाराची कडी लावलेली तशीच आहे. पिसं सगळी आतच. पत्रा आणि जाळी जिथे मिळते ना त्या वरच्या कोपऱ्यात जाळी आत दबलीय, माझी मूठ जाईल एवढी फट झालीय आणि तारेला करडे केस अडकलेत. पत्र्यावर घाण केलीय, त्यात नुसत्या बियाच बिया आहेत

मानसी (9): [फोटो]

रेवती (6): जेवताना असले फोटो नका टाकू ना

शिगवण दादा (14): मग कुत्रा नाही. कांडेचोर आहे, उदमांजर. तो फळं खातो म्हणून घाणीत बिया, आणि चालतो झाडावरून. कुत्रा आला असता तर खालून उकरून, दार वाकवून, पिसं पार गेटपर्यंत नेली असती. मुंगूस दिवसा येतो, रात्रीचा नाही. ह्याने कोंडलेल्या कोंबड्या बघितल्या, त्या फडफडल्या, मग एक खायला तीन मारल्या. असंच करतो तो. आणि फणसाची फांदी पत्र्यावर आलीय ना तुमच्या, तिथूनच उतरला

रेवती (6): धन्यवाद दादा. कोणी कुत्र्यांना सॉरी म्हणणार आहे का?

सचिन (11): काळू सॉरी 🙏

लिमये काका (5): फणस माझा आहे, पण बुंधा माझ्या हद्दीत आहे. फांदी वाढली त्याला मी काय करणार.

मानसी (9): काका फणस वाटताना तुम्ही म्हणता त्या बाजूचे पण आमचेच, पाला पडला की हद्द आठवते

लिमये काका (5): मागच्या वर्षी दोन बरके फणस तुमच्याकडे पाठवले होते. बोलायचं नव्हतं.

सावंत काका (2): फांदी राहू दे, भोकाचं काय? मुंगूस त्याच भोकातून येतो.

बंटी (3): औषध टाका हो बाहेर कणकेत मिसळून, आमच्या मामाकडे एकदा

बंटी (3): हा मेसेज डिलीट केला आहे

रेवती (6): मी वाचलंय बंटी. स्क्रीनशॉट पण आहे.

शिगवण दादा (14): विष, फासकी, करंटची तार यातलं काही करू नका. उदमांजर, मुंगूस, घोरपड सगळे 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतात, गुन्हा होतो. विष खाणार काळू आणि तारेला चिकटणार कोणाचं तरी पोर. आणि एक मारलात तर दुसरा येतो, पऱ्याच्या पलीकडे रानच आहे. आपण खुराडं नीट करायचं

मानसी (9): दादा खुराडं नीटच होतं हो, चांगली नवी जाळी लावली होती, कोंबडीची जाळी म्हणूनच दुकानदाराने दिली

शिगवण दादा (14): तीच तर गोम आहे, ती षटकोनी बारीक तारेची जाळी ना? ती कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते, बाहेरचा आत येऊ नये म्हणून नाही. हाताने ओढलीस तरी पीळ सुटतो. अर्धा इंची वेल्ड मेश घे जीआयची, म्हणजे जस्त चढवलेली चौकोनी वेल्डिंगची जाळी. त्यातून मुंगूस नाही, घूस नाही, मोठा साप नाही. वर पण तीच, पत्र्याखाली सुद्धा. आणि कडेने लाकडी पट्टी देऊन स्क्रू मार, नुसते यू खिळे नको, ते पावसात लाकूड फुगलं की सुटतात

सचिन (11): दादांनी बीई कोंबडी केलंय

शिगवण दादा (14): आईने शिकवलं सगळं, वाडीत पंधरा-वीस असायच्या. तिन्हीसांजेला एक एक मोजून डालग्याखाली, बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, घ्यायची आणि डालग्यावर पाटा ठेवायची

सावंत काका (2): आणि भोक?

शिगवण दादा (14): भोक बुजवा हो काका, पण ते बुजवून हे थांबणार नाही, हा वरून येतो. खालच्यासाठी जाळी भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरायची, जमिनीलगत, आणि त्यावर चिरे ठेवायचे. उकरणारा भिंतीला चिकटूनच उकरतो, खाली जाळी लागली की सोडून देतो. नुसती माती टाकलीत तर आपल्या पावसात आठवड्यात वाहून जाईल

देसाई वहिनी (8): शुभ दुपार 🌸 कोणाकडे कढीपत्ता आहे का जास्तीचा

मानसी (9): आणि मोकळ्या जागेवर दिवसा घार येते तिचं काय? पिल्लं असतात तेव्हा कावळे पण उचलतात. दाभोळहून मासेमारीचं जुनं जाळं आणलंय ह्यांनी

शिगवण दादा (14): घारीला चालेल, ताणून बांध. पण खाली जमिनीपर्यंत लोंबू देऊ नको, धामण अडकून मरते त्यात, आमच्याकडे झालंय. रात्रीसाठी ते जाळं म्हणजे काहीच नाही, दोन मिनिटात चावून फाडेल. रात्री सगळ्या बंद खुराड्यातच

बंटी (3): एलईडी लाइट लावा लुकलुकणारी, ऑनलाइन मिळते

शिगवण दादा (14): चार दिवस घाबरतो मग त्याच उजेडात जेवतो

लिमये काका (5): कोंबड्याच ठेवू नयेत हा एक मार्ग आहे. उपविधी बघावेत.

मानसी (9): काका अंडी नेताना उपविधी बघितलेत का कधी? काकू दर शनिवारी सहा नेतात

सचिन (11): 🍿

पाटणे सर (सेक्रेटरी): कृपया विषयावर राहा.

देसाई वहिनी (8): कढीपत्ता मिळाला 🙏

शिगवण दादा (14): आजची रात्र महत्त्वाची आहे. तो परत येणार, दोन टाकून गेलाय ना. मेलेल्या पऱ्यात फेकू नका, खोल खड्डा करून पुरा आणि वर चिरा. उरलेलं खाद्य भांड्यात ठेवू नका, त्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. कडीला वरून तार पिळा. त्या खुराड्यात आज एकही कोंबडी नको

मानसी (9): मागच्या पडवीत घेते डालग्याखाली, दार लावून

लिमये काका (5): म्हणजे कोंबडा माझ्या बेडरूमच्या भिंतीला.

मानसी (9): रविवारपर्यंत काका. तुम्ही फांदी आज तोडू दिलीत तर लवकर होईल

लिमये काका (5): फांदीवर शेवटचे दोन फणस आहेत. ते उतरवून घ्या मग तोडा. माझी हरकत नाही, कधीच नव्हती.

सावंत काका (2): माणूस येणारच आहे तर त्याच्याकडून भोकही बुजवून घ्यावं. सिमेंट मी देतो.

पाटणे सर (सेक्रेटरी): खर्चाला मंजुरी लागेल.

सावंत काका (2): सिमेंट मी देतो म्हटलं ना

शिगवण दादा (14): मेश मी उद्या मार्केटमधून आणतो, मानसीताई माप पाठव, वरचं धरून. फांदीला आत्ता येतो पाऊस थांबलाय तोवर, सचिन तू दोर धर. मोठी शिडी कोणाकडे आहे?

सचिन (11): सोसायटीची आहे ना अॅल्युमिनियमची

देसाई वहिनी (8): ती गणपतीत लायटिंगला सचिननेच नेली होती

सचिन (11): वहिनी मी दुसऱ्याच दिवशी परत दिली, पाटणे सरांच्या गच्चीवर आहे, कपडे वाळत असतात तिच्यावर

पाटणे सर (सेक्रेटरी): ती शिडी वेगळी.

मानसी (9): सर वेगळी असली तरी चालेल, आईंनी लाल मातीचा खड्डा पण करून ठेवलाय, पाऊस यायच्या आत पाठवा कोणाच्या तरी हातून