उत्तर नॉर्वे, फेब्रुवारी आणि कॅमेरा: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, येत्या फेब्रुवारीत ट्रॉम्सो आणि तिथून खाली लोफोटेनची बेटं असा बेत पक्का झालाय. तिकिटं झाली, व्हिसासाठी लागतो तो किमान ३०,००० युरोंचा विमाही काढला. ऑरोरा (रात्रीच्या आकाशात नाचणारा ध्रुवीय प्रकाश) आणि बर्फातली कोळ्यांची गावं, एवढेच दोन विषय डोक्यात आहेत. मी नाशिकची, त्यामुळे थंडी म्हणजे डिसेंबरातला निफाडचा पारा. जे जाऊन आलेत, तिकडे राहतात किंवा आणखी कुठे बर्फात कॅमेरा घेऊन उभे राहिलेत, त्यांनी सविस्तर लिहा. काय न्यायचं नाही हेही सांगा, वजनाचा प्रश्न आहे.

*

ट्रॉम्सोचं तापमान बघून बॅग भरू नका. गाव आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच उत्तरेला असलं तरी समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे फेब्रुवारीत पारा साधारण उणे चार-पाचला रेंगाळतो. घोळ ढगांचा असतो. किनारा झाकोळला की ऑरोरा दाखवणाऱ्या सहलींच्या गाड्या किनाऱ्यापासून आत पळतात, शिबोत्नच्या बाजूला, नाहीतर सरळ सीमा ओलांडून फिनलंडच्या किल्पिसयार्वीला. तिथे आकाश मोकळं, आणि मोकळं म्हणूनच उणे वीस. कपडे त्या रात्रीच्या हिशेबाने घ्या आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

आत मेरिनो लोकर, मग फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन घरीच. घाम त्यात मुरतो आणि ट्रायपॉडशेजारी उभं राहिलं की पाठीवर गार पडतो. ट्रेकरपेक्षा फोटोवाल्याला एक थर जास्तच लागतो, तो तासन्‌तास जागचा हलत नाही ना! बूट एक नंबर मोठे घ्या. जाड मोजे घालूनही बोटं हलली पाहिजेत.

*

नॉर्वे पाहिलेलं नाही, पण स्पितीत किब्बरला हिमबिबट्यासाठी हिवाळ्यात राहिलोय. उंची चार हजार मीटरच्या वर, थंडी तुमच्या किल्पिसयार्वीच्या तोडीची. ताई, माझा मुद्दा एकच: कॅमेऱ्याला थंडी फारशी बाधत नाही, ओल बाधते.

दिवसभर बाहेर गारठलेला कॅमेरा तापलेल्या खोलीत नेला की क्षणात काच पांढरी होते. वरचं दव पुसता येतं, आत बॉडीत धरलेल्याचं काय करणार? त्यामुळे दाराबाहेरच, बोटं कितीही कुरकुरली तरी, आधी मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्यायची, मग कॅमेरा लेन्ससकट झिपलॉक पिशवीत घालून हवा दाबून काढायची आणि पिशवी बंद करायची. दव पडतं ते पिशवीच्या बाहेरून. दोन-तीन तास ती उघडायची नाही. फोटो बघायची घाई असते म्हणून कार्ड आधी काढायचं, एवढंच.

बॅटरी शून्यावर आली की फेकल्यासारखी बॅगेत टाकू नका. थंडीत आतली क्रिया मंदावते, चार्ज बराचसा शिल्लक असतो. आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा, तासाभराने तीच परत चालते. विमानात मात्र सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच. ट्रायपॉड अॅल्युमिनियमचा असेल तर पायांना सायकलच्या हँडलची टेप गुंडाळा.

*

वरच्या दादांना अनुमोदन. ऑरोराबद्दल थोडं.

यूव्ही फिल्टर काढून ठेवा, लेन्सवर नकोच. ऑरोराचा हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर. फिल्टरच्या सपाट काचेत तो उलटसुलट परावर्तित होऊन फोटोच्या मधोमध वर्तुळात वर्तुळं उमटतात, आणि ती नंतर संगणकावर निघता निघत नाहीत.

फोकस काळोखात चाचपडत करायचा नाही. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, ठळक तारा मोठा करून तो टिंब होईपर्यंत रिंग फिरवा आणि चिकटपट्टी लावून टाका. लेन्सचं छिद्र एफ २.८, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६०० ते ३२००, शटर पाच ते दहा सेकंद इथून सुरुवात करा. प्रकाश नाचायला लागला की वेळ दोन-तीन सेकंदांवर आणा, नाहीतर नुसता हिरवा चिखल येतो. स्क्रीनवर विश्वास नको. अंधारात सगळंच उजळ दिसतं, हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघा. केपी आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय हालचालीचा, शून्य ते नऊ) दोनच दिसला म्हणून खोलीत झोपूनही राहू नका, ट्रॉम्सो ऑरोराच्या पट्ट्याखालीच आहे.

*

मी ट्रॉन्हाइमला असते. थंडीइतकंच पायाखालचं बघा. इथे पाऊस पडून रात्रीत गोठला की रस्त्याची काच होते. बुटाला लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, त्यांना ब्रोडर म्हणतात, आल्या आल्या तेच घ्या. लोफोटेनला उत्ताक्लाइवच्या किनाऱ्यावर गोल धोंड्यांचा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण धोंड्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा असतो आणि लाट सांगून येत नाही. खारा तुषार लेन्सवर बसतो, पुसायची फडकी भरपूर आणा. हामनोय या कोळ्यांच्या गावाच्या पुलावरून फोटो काढताना लक्षात ठेवा, तिथे गाड्यांची ये-जा असते, चमकणारी पट्टी लावून उभे राहा. याच दिवसांत कॉडची मासेमारी जोरात असते, लाकडी मांडवांवर मासे वाळत घालायला लागलेले असतील. तुमचा दुसरा विषय तिथे मिळेल.

खाऊ आणताना जपून. युरोपाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, म्हणजे पेढे आणि तूप राहू द्या. मेतकूट, भाजणी, चटणी आणा.

*

मी फोटो काढत नाही, काढणाऱ्याच्या शेजारी उभी राहते, तेव्हा माझंही ऐका. त्याच्या हाताला काम असतं, आपल्या नसतं, म्हणून सोबत्याला थंडी जास्त वाजते. बोटांचे मोजे दुहेरी हवेत: आत पातळ, वर पंजासारखे एकत्र. रासायनिक हॉट पॅक बुटातही घालता येतात, फक्त ते घट्ट बसले तर उलट रक्त अडतं. थर्मासमध्ये चहा नको, गरम पाणी भरा. सुपाची पुडी, कॉफी, मेतकूट-भात, सगळ्याला तेच चालतं. आणि निघताना त्याच्याकडून गाडीची किल्ली मागून घ्या. 'दोन मिनिटांत आलो' म्हणून गेलेला माणूस तासाभराने उगवतो.