एसी बंद करा म्हणे! (मेट्रोचं वीजबिल)

कोस्टिंगवाला: काल एकाने लिहिलं, "मेट्रोचं वीजबिल कमी करायचं तर गाड्या कमी करा, एसी बंद करा, ते रीजनरेटिव्ह ब्रेकिंग नुसती जाहिरात." राहवलं नाही. अरे बाबा ब्रेक मारताना मोटरचाच जनरेटर होतो आणि वीज परत लाइनीत जाते, दिल्ली मेट्रोला २००७ साली ह्याच ब्रेकिंगवर कार्बन क्रेडिटची (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या गुणांची) नोंदणी मिळाली, ती काय जाहिरातीवर?

रोखठोक: तो "एक" मीच. परत जाते म्हणजे कुठे? ७५० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) जवळपास दुसरी गाडी पिकअप घेत नसेल तर ती वीज घेणार कोण? लाइनीला वीज देणाऱ्या सबस्टेशनात साधे डायोड असले तर ते वीज एकाच दिशेने सोडतात, मागे जात नाही, रेझिस्टरमध्ये जळते. म्हणजे आधी बोगदा तापवायचा, मग तो गार करायला पंखे लावायचे, वा रे बचत.

स्वेटरवाली: एसीचं मात्र बरोबर बोललात. भर उन्हाळ्यात पर्समध्ये स्वेटर घेऊन फिरते मी. शेवटच्या गाडीत डब्यात चार माणसं आणि गारठा तोच!

घामाघूम: तुम्ही स्वेटर घालू शकता ताई, मी काय कातडी काढू? ऑफिसच्या वेळेला उभं राहून बघा एकदा.

स्वेटरवाली: मग गर्दी बघून कमीजास्त करा ना, बंद करा कुठे म्हटलं मी? नीट वाचत चला.

कोस्टिंगवाला: विषय ब्रेकिंगचा होता!! २५ केव्ही एसीवर तर हा प्रश्नच येत नाही, वीज ट्रान्सफॉर्मरमधून सरळ मागे जाते.

घामाघूम: पंचवीसवर एसी? बावीस करा हो.

कोस्टिंगवाला: 🤦 अहो, २५ केव्ही म्हणजे २५ हजार व्होल्ट आणि हा एसी म्हणजे दिशा बदलत राहणारा वीजप्रवाह, गारव्याचा नाही! आणि रोखठोकसाहेब, गाड्या कमी केल्यात तर ती वीज घ्यायला शेजारची गाडीच उरणार नाही, म्हणजे तुमच्याच उपायाने तुमचं रडगाणं वाढणार. त्यापेक्षा ८० ऐवजी ७० ने पळवा, गतिज ऊर्जा जवळजवळ पाव हिस्सा कमी, मग पुढे पॉवर तोडून गाडी नुसती घरंगळू द्या, ह्यालाच कोस्टिंग म्हणतात.

रोखठोक: मी सात वर्षं सबस्टेशन मेंटेनन्सला काढलीत, मला शिकवू नका. वीज मागे पाठवणारा इन्व्हर्टर आमच्याकडे दोन वर्षं खोक्यात पडून होता, वरच्यांची सही होईना. म्हणून चिडतो. कोस्टिंगचं मान्य, फुकटात होतं म्हणून. त्यात नवीन काही नाही, लंडनला १९०० साली स्टेशनंच उंचवट्यावर बांधली होती, येताना चढावर वेग आपोआप पडतो, निघताना उताराचा धक्का मिळतो. पण टाइमटेबलमध्ये दहा सेकंद सैल सोडायला कोण तयार आहे?

कोस्टिंगवाला: मान्य म्हणालात, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

स्वेटरवाली: एसीचं काय ठरलं पण?